‘घरी सांगेन’ : वयात येणाऱ्या मुलांशी नात्यांबद्दल बोलताना उमगलेलं

१९९० मध्ये उल्हासनगरात रिंकू पाटील या मुलीला दहावीची परीक्षा देत असताना परीक्षा केंद्रातच जाळून मारलं गेलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर चौकात पेटवलं गेलं. २७ जून २०२३ ला पुण्याच्या सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. अशा प्रत्येक घटनेनंतर लोक संतापतात, फाशीची मागणी होते आणि घरोघरी मुलींना बजावलं जातं, ‘अंधार पडायच्या आत घरी ये.’ घरातल्या मुलांना कुणी काय सांगितलं, हे मात्र फारसं कानावर येत नाही.

शाळा आणि ज्युनिअर कॉलेजांमधून नववी ते बारावीच्या मुलामुलींशी मैत्री, आकर्षण, प्रेम आणि त्यातली हिंसा यांविषयी बोलणं हे माझं काम आहे. कधी पुण्यात, पण जास्त करून सातारा-सांगलीकडच्या तालुक्याच्या गावांत. मुलं मला ताई म्हणतात. या बोलण्यातून जे उमगत गेलं ते इथे मांडते. तुमच्या घरातली, वर्गातली मुलं डोळ्यांपुढे आणून वाचलंत तर तुमचे स्वतःचे मुद्दे तुम्हाला यात सापडत जातील.

१. मुलांना प्रेमाबद्दल बोलायचं असतं, आणि सुरुवात तिथूनच करावी लागते.

पहिल्या तासाला मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव घालायचं नाही, मनातला प्रश्न लिहायचा. ‘ती मेसेज बघते पण उत्तर देत नाही, याचा अर्थ काय?’ ‘मैत्रिणीला जो आवडतो तोच मलाही आवडतो, मी वाईट आहे का?’ ‘मी काळी आहे, मला कोणी प्रपोज करेल का?’ ‘ब्रेकअप झाल्यावर अभ्यासात लक्ष कसं लावायचं?’ इतके कोवळे आणि खरे प्रश्न येतात. त्यांच्यापुढे एकदम ॲसिडच्या आणि कोयत्याच्या बातम्या ठेवल्या की वर्ग गप्प होतो. प्रत्येक मुलगा मनात म्हणतो, तो कुणी राक्षस होता, आपला त्याच्याशी काय संबंध?

म्हणून आम्ही आधी चांगल्या नात्याची यादी करतो. फळ्यावर मुलंच येऊन लिहितात. त्याच्यासमोर मोठ्यानं हसता येतं. भांडण झालं तरी भीती वाटत नाही. जुन्या मैत्रिणी तुटत नाहीत. एकदा एका मुलीनं लिहिलं, ‘परीक्षेच्या आदल्या रात्री तो मला झोपू देतो.’ तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली, कारण रात्री दोन वाजेपर्यंत ऑनलाइन राहायचा हट्ट तिथल्या अनेकींना ठाऊक होता. अशी यादी तयार झाली की आपलं नातं तिच्याशी ताडून बघायचं काम मुलं मनातल्या मनात करतात. कुणाकडे बोट दाखवायची गरज पडत नाही.

२. धमकी देणाऱ्या मुलाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे ‘मी तुझ्या घरी सांगेन’ हे वाक्य.

माराची भीती मुली सांगतात, फोटोची भीतीही सांगतात. पण खोदून विचारलं की सगळ्याच्या तळाशी हीच भीती निघते. घरी कळलं तर शाळा बंद होईल. मामाच्या गावी पाठवतील. बघण्याचा कार्यक्रम लावतील. लांबच्या गावाहून एसटीनं येणाऱ्या मुलीकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, म्हणजे प्रवासाला घरचा पैसा लागत नाही. पण स्टँडवर एक मुलगा रोज त्रास देतो, असं तिनं घरी सांगितलं तर तो पासच निकामी होईल अशी तिची खात्री असते. त्या मुलाचं काहीच बिघडणार नाही, शिक्षण तिचं थांबेल. म्हणून ती सोसत राहते. ज्याच्याशी तिचं कधी काही नव्हतंच त्याचाही त्रास सोसते, आणि ज्याच्याशी मन जुळलं होतं त्याचा तर अधिकच, कारण तिथे तिच्याकडे लपवायला काहीतरी असतं.

या गोष्टीनं मला फार अस्वस्थ केलं. मुलगी सुरक्षित राहावी म्हणून आईबाप जो धाक ठेवतात, त्याच धाकाच्या जोरावर कुणीतरी तिला वेठीला धरतो. जात वेगळी असेल तर धाक आणखी गडद होतो, कारण मग मुलीला स्वतःबरोबर त्या मुलाच्या जिवाचीही काळजी असते. पुढचा प्रत्येक मुद्दा फिरून याच भीतीपाशी येतो.

३. दुसऱ्याला ताब्यात ठेवणं मुलांना काळजी वाटते, कारण घरात त्यांनी काळजी याच रूपात पाहिलेली असते.

‘तो मला लोकेशन ऑन ठेवायला सांगतो,’ हे एखादी मुलगी अभिमानानं सांगते. ‘माझ्या इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, आमच्यात काहीच लपवाछपवी नाही.’ कुणाशी बोलायचं, कुठला ड्रेस घालायचा, डीपीला फोटो ठेवायचा की नाही, हे तो ठरवतो. तिला यात वावगं वाटत नाही, कारण वडील आईचा फोन तपासतात आणि भाऊ तिचा. आपलं माणूस म्हणजे आपल्यावर नजर ठेवणारं माणूस, हा धडा तिनं लहानपणापासून गिरवलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी किमान एका कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य ठरवलं. या आकड्यांतल्या घरांतूनच आपले विद्यार्थी वर्गात येऊन बसतात. त्यांच्याकडून एकदम वेगळ्या समजुतीची अपेक्षा कशी करायची?

मी त्यांना व्याख्या देत नाही, एक साधी परीक्षा देते. त्यानं मागितलेली गोष्ट एकदा प्रेमानं नाकारून बघा. ‘पासवर्ड नाही देत, पण माझं तुझ्यावर प्रेम आहे,’ एवढंच म्हणा. काळजी करणारा माणूस थोडा नाराज होईल आणि सोडून देईल. ताबा हवा असणारा माणूस रागावेल, अबोला धरेल, प्रेमाचा पुरावा मागेल, मग धमकी देईल. एका आठवड्यानंतर एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘ताई, परीक्षा घेतली.’ पुढचं तिला सांगायची गरज पडली नाही. आम्ही बसलो आणि आता काय करायचं ते बोललो.

४. नकार ऐकण्याचा सराव मुलांना कुणी देतच नाही, आणि मित्रांच्या घोळक्यात तो नकार आणखी जड होतो.

वर्गातल्या एका मुलाला एक मुलगी आवडते. तिला अजून पत्ताही नसतो, तोवर मित्र तिला ‘वहिनी’ म्हणायला लागतात. ती समोरून गेली की त्याचं नाव घेऊन ओरडतात. शेवटी तो विचारतो, ती नाही म्हणते, आणि ती ‘नाही’ म्हणाल्याचं त्याच दिवशी अख्ख्या गटाला कळतं. मन तर दुखतंच, पण मित्रांसमोर नाक कापलं गेल्याची भावना त्याहून जास्त जाळते. रडायची मुभा नाही. आईला सांगायची सोय नाही. मोकळी वाट एकच उरते, रागाची. त्यात ‘मुलीच्या नाहीमध्ये हो असतो, मागे लागलं की पटते’ हे सिनेमांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं असतंच.

आम्ही जोड्या करून छोटे नकार देण्याघेण्याचा सराव करतो. ‘तुझी वही दे.’ ‘नाही.’ ‘माझ्यासोबत चहाला चल.’ ‘नको.’ नकार ऐकणाऱ्यानं फक्त ‘बरं’ म्हणायचं. सुरुवातीला सगळे खिदळतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘ताई, छातीत कसंतरी होतंय.’ तिथून खरं बोलणं सुरू होतं. त्या कसंतरी होण्याचं काय करायचं? पळत ग्राउंडला चक्कर मारायची, मित्राजवळ रडायचं, तिचा नंबर काही दिवस नजरेआड ठेवायचा, की तिच्या घरासमोर जाऊन उभं राहायचं? मुलं फार प्रामाणिक उत्तरं देतात. पुरुषांनीच पुरुषांशी हे बोललं पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही संस्था हे काम करते आहे. त्यांच्या ‘युवा मैत्री’ उपक्रमात कॉलेजची मुलंच तयार होऊन इतर मुलांशी बोलतात. माझ्या वर्गांतही एखादा बारावीतला मुलगा उभा राहून ‘मलाही नकार मिळाला होता, मी रडलो होतो’ असं म्हणतो, तेव्हा माझ्या सगळ्या बोलण्याहून जास्त काम होतं.

५. सगळ्यात आधी कळतं ते मैत्रिणीला नाहीतर मित्राला.

आईबापांना, शिक्षकांना कळेपर्यंत गोष्ट खूप पुढे गेलेली असते. मैत्रिणीला पहिल्या दिवशीच माहीत असतं. आणि त्रासात असलेल्या मुलीनं तिला शपथ घातलेली असते, ‘कुणाला सांगू नकोस.’ सोळा वर्षांच्या मुलीवर हे केवढं ओझं! म्हणून वर्गात संकटातल्या मुलीला काय सांगायचं यापेक्षा तिच्या मैत्रिणीला काय सांगायचं यावर मी जास्त वेळ देते. आधी ऐकून घे. ‘मी तुला आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य गिळून टाक. ती परत त्याच्याकडे गेली तरी तिच्याशी बोलणं सोडू नकोस, कारण तिला एकटं पाडणं हेच त्याला हवं असतं. आणि जिवाला धोका वाटला तर शपथ मोडायची. मोठ्या माणसाकडे तिला एकटीला पाठवायचं नाही, सोबत जायचं.

मुलांच्या गटातही हेच. सदाशिव पेठेत त्या दिवशी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील पुढे धावले आणि मुलीचा जीव वाचला. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलांच्या माना ताठ होतात. मग मी विचारते, कोयता बाहेर निघण्याच्या खूप आधी मित्रांना काय काय करता आलं असतं? मग हळूहळू उत्तरं येतात. नंबर मिळवून द्यायला नाही म्हणता आलं असतं. ‘वहिनी’ म्हणणं थांबवता आलं असतं. ‘सोड ना भावा, तिनं सांगितलंय ना,’ असं म्हणता आलं असतं. तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालावा लागत नाही, घोळक्यात एकट्यानं तोंड उघडावं लागतं. सोळाव्या वर्षी ते फार अवघड असतं, म्हणून त्याचाही सराव लागतो.

६. मुलगेही सोसतात, आणि त्यांच्यासाठी बोलायला जागाच ठेवलेली नसते.

चिठ्ठ्यांत येतं, ‘ती माझा फोन रोज चेक करते.’ ‘दुसऱ्या मुलीशी बोललो तर ती हाताची नस कापते.’ एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं, ‘ती मारते. कुणाला सांगितलं तर हसतील.’ मुलाला मुलगा आवडतो, मुलीला मुलगी आवडते, अशीही मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी ‘घरी सांगेन’ ही धमकी सगळ्यात क्रूर, कारण घरच्यांना त्यांच्याबद्दल मुळातच काही माहीत नसतं. म्हणून मी उदाहरणं देताना ‘तो’ आणि ‘ती’ सतत अदलून बदलून घेते. तेवढ्यानंही एखाद्याला कळतं की हा तास आपल्यासाठीही आहे.

नस कापण्याच्या धमकीबद्दल मी दोन गोष्टी एकत्र सांगते. ती धमकी कधीही थट्टेवारी न्यायची नाही, लगेच घरच्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाला कळवायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं. आणि दुसरी गोष्ट, एखाद्याला जिवंत ठेवण्यासाठी त्याच्याशी नातं चालू ठेवणं हे सोळा वर्षांच्या कुणाचंही काम नव्हे. हे ऐकून वर्गात कुणाचे ना कुणाचे खांदे सैल पडताना दिसतात.

७. फोटो पाठवणाऱ्या मुलीला बोल लावला की ब्लॅकमेल करणाऱ्याचं काम सोपं होतं.

मुली विश्वासानं खासगी फोटो पाठवतात, काही दबावाखाली पाठवतात, काहींच्या नकळत स्क्रीनशॉट घेतला जातो. ‘पाठवलाच कशाला?’ हा प्रश्न मोठी माणसं पहिल्यांदा विचारतात आणि तिथेच मूल गप्प होतं. मी वर्गात स्पष्ट सांगते, विश्वास ठेवणारा गुन्हेगार नसतो, विश्वास मोडून फोटो पसरवणारा गुन्हेगार असतो. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचा असा नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. ‘मी काढला नाही, फक्त फॉरवर्ड केला,’ ही सबब चालत नाही. हे ऐकल्यावर कितीतरी मुलं तासाच्या शेवटी आपापले ग्रुप तपासताना दिसतात.

मग करायचं काय, हे पायरीपायरीनं सांगावं लागतं, कारण घाबरलेल्या डोक्याला लांबलचक सल्ला पेलत नाही. आणखी फोटो किंवा पैसे द्यायचे नाहीत, दिले तरी मागणी थांबत नाही. मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचे. विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी झालेली समाजमाध्यमं त्या ठशावरून तो शोधून काढून टाकू शकतात. हा मार्ग आहे हे कळलं तरी मुलांना केवढा धीर येतो.

८. नातं तोडण्याचा काळ सगळ्यात नाजूक असतो, आणि ‘शेवटचं एकदा भेट’ या वाक्याला मुली नाही म्हणू शकत नाहीत.

तिच्या मनात कणव असते. इतके दिवस सोबत होतो, एकदा भेटायला काय हरकत, असं तिला वाटतं. धाक दाखवणारा माणूस नातं सुटताना दिसलं की जास्त बिथरतो, म्हणून या भेटीबद्दल आम्ही खूप बोलतो. भेटायलाच हवं असं काही नाही, फोनवर किंवा मेसेजवर सांगून संपवणं हा पळपुटेपणा नव्हे. भेटायचंच असेल तर वर्दळीच्या जागी, दिवसाढवळ्या, मैत्रीण जवळपास असताना आणि घरच्या किंवा शाळेतल्या कुणाला तरी सांगून.

आणि नातं तोडून ती पुन्हा त्याच्याकडे गेली तर? वसईच्या एका तरुणीनं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जोडीदाराच्या मारहाणीची लेखी तक्रार पोलिसांकडे केली होती, जिवे मारण्याच्या धमकीचा त्यात उल्लेख होता. पुढे तिनं ती मागे घेतली. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीत तिचा खून झाला. त्यानंतर गावोगावच्या चर्चेत मी एकच सूर ऐकला, ‘आईबापांचं ऐकलं नाही म्हणून असं झालं.’ हे वाक्य आपल्या लेकींनी ऐकलं आणि त्यातून त्या एवढंच शिकल्या की एकदा मर्जीविरुद्ध गेल्यावर परतायची वाट बंद होते. मला वाटतं, तक्रार मागे घेतल्यावरही ‘आज बरी आहेस ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारणारं माणूस प्रत्येकीला हवं. मार खाणारी व्यक्ती परत जाते, परत निघते, पुन्हा जाते. कंटाळून आपण दार लावून घेतलं तर पुढच्या वेळी ती ठोठावणार कुठे?

९. कायदा मुलांना खरा आणि पूर्ण सांगावा, धाक म्हणून अर्धा सांगू नये.

‘पॉक्सो लागेल’ एवढं मुलांना माहीत असतं. तो २०१२ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांचंही रक्षण करतो, हे अनेकांना माहीत नसतं. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची लैंगिक संबंधांना संमती हा कायदा मानत नाही, म्हणजे दोघांच्या मर्जीनं घडलेली गोष्टही पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकते, हे मी आडपडदा न ठेवता सांगते. नको म्हटल्यावरही मुलीचा पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो आणि पहिल्याच दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी तर फक्त मागे जातो,’ म्हणणारी मुलं हे ऐकून सरळ बसतात.

आणखी एक गोष्ट मी बोलणं सुरू होण्याआधीच सांगते. लैंगिक अत्याचाराची माहिती मला मिळाली तर ती पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे, ते मी लपवू शकत नाही. हे ऐकून मुलं बोलणार नाहीत अशी भीती वाटू शकते. पण उलटंच घडतं. पुढे काय होणार हे आधी सांगणाऱ्या माणसावर मुलं विश्वास ठेवतात. १०९८ हा मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी, हे नंबर आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईत पोलीस यंत्रणेत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो पुढे राज्यभर पसरला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात, हेही सांगते. पोलीस ठाण्यात आपल्याशी नीट बोलणारं कुणी भेटू शकतं, ही कल्पनाच मुलींना नवी असते.

१०. शेवटी अभ्यासक्रम घरात ठरतो, आणि पालकसभेला बहुतेक आयाच येतात.

शाळांनी हे सगळं शिकवावं असं आपण म्हणतो, पण शाळांच्या हातात आपण फारसं दिलेलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि या विषयावर उघडपणे लिहिल्याबद्दल खटले सोसले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्रानं शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम नाकारला. चांगले प्रयत्न झाले नाहीत असं नव्हे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरं झाली. मुंबई महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसोबत २००८ पासून स्त्री-पुरुष समानतेचा कार्यक्रम राबवला गेला. पण यातलं काहीच न पोहोचलेली मुलं फार मोठ्या संख्येनं आहेत आणि त्यांना जे शिकायला मिळतं ते घरात, मोबाइलवर आणि स्टँडवरच्या घोळक्यात.

घरातला धडा कुणी मुद्दाम देत नाही. आईनं ‘आज मला नाही जमणार’ म्हटल्यावर वडील काय करतात, हे मुलगा बघतो. बहिणीचा फोन तपासायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न त्याला कधी विचारलाच जात नाही. वडील सभेला येतात तेव्हा मी त्यांना हमखास विचारते, ‘तुमच्या मुलाला नकार मिळाला तर तो तुमच्याजवळ येऊन रडू शकेल का?’ बरेच जण खाली बघतात. काही जण नंतर थांबून बोलतात. एक शेतकरी वडील म्हणाले, ‘माझ्या बापाशी मी असं कधी बोललो नाही, पण पोराशी बोलून बघतो.’ त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. संकट यायची वाट न बघता, या आठवड्यात, जेवताना किंवा गाडीवरून सोडायला जाताना, तुमच्या मुलीला आणि तुमच्या मुलाला इतकं सांगा : ‘कुणी तुला त्रास दिला, कुणाकडे तुझा फोटो असला, तुझ्या हातून काही चुकलं, तरी आधी आम्हाला सांग. तुझी शाळा बंद होणार नाही. तुझं लग्न लावून देणार नाही. तुला मारणार नाही. आपण मिळून मार्ग काढू.’ मुलाला आणखी एक वाक्य सांगा : ‘ती नाही म्हणाली तर तिथे थांबायचं, आणि माझ्याकडे यायचं.’ आणि मग ती वेळ खरंच आली तर दिलेला शब्द पाळा. ज्या घरात हे आधीच बोलून झालेलं असतं, तिथल्या मुलीला ‘घरी सांगेन’ म्हणून कुणी घाबरवू शकत नाही. ती सरळ म्हणू शकते, ‘सांग.’